फाइली किती आवळायच्या

आमचं ऑफिस सुरतेतल्या पर्वत पाटिया भागात तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली साड्यांच्या खोक्यांवर चिकटवायचे फोटो छापणारं दुकान आहे, त्यामुळे जिन्यात कायम शाईचा वास असतो. आम्ही पाच जण आहोत. कापड छापणाऱ्या मिलच्या डिझाईन रूमसाठी आम्ही एक पेटी तयार करतो. आत डिस्क, बाहेर एक निळा दिवा. रूममधल्या सगळ्या कॉम्प्युटरवरच्या डिझाईन त्या पेटीत साठतात. पेटीचे भाग बाजारातून येतात, आतलं सॉफ्टवेअर आमचं.

पहिलं वर्षभर मी दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या. मग आमच्या सीनियरनी मला स्क्रीनवरचं एक अख्खं पान करायला दिलं. त्यांना ऑफिसात सगळे भाई म्हणतात आणि ते मला बेन म्हणतात. ते पान होतं कॉम्प्रेशनच्या सेटिंगचं.

थोडं समजावून सांगते. डिस्कवर कुठली फाइल कुठे आणि कशी ठेवायची, हे बघणाऱ्या व्यवस्थेला फाइल सिस्टिम म्हणतात. तिला सांगून ठेवता येतं, की फाइल लिहिताना दाबून लिही. साडीच्या डिझाईनमध्ये लाल रंगाचे हजार ठिपके ओळीने असतील, तर हजारदा लाल, लाल असं न लिहिता ‘लाल, हजार वेळा’ एवढंच लिहायचं. फाइल उघडली की ती पुन्हा होती तशी मिळते, एक ठिपकासुद्धा इकडचा तिकडे होत नाही. किती जोराने दाबायचं ते एक ते एकोणीस अशा आकड्यांत सांगतात. आकडा मोठा तेवढी जागा कमी लागते आणि वेळ जास्त.

भाईंनी मला यादी दिली. दाबायची पद्धत कुठली, जोर किती, तुकडा केवढा, कुठले फोल्डर सोडायचे, आधीच दाबलेल्या फाइली तपासायच्या का, असे सगळे मिळून चौदा पर्याय. मी ते एकाखाली एक नीट बसवले. प्रत्येकाच्या समोर छोटा गोल आणि त्यात प्रश्नचिन्ह. सगळे गोल एका रेषेत आले तेव्हा मला फार बरं वाटलं. इतके पर्याय कोणाला हवे आहेत, असं एकदा मनात आलं होतं. पण मी मीटिंगमध्ये बोलत नाही. माझ्या मनात वाक्य तयार होईपर्यंत पुढचा विषय सुरू झालेला असतो.

पेटीची पहिली चाचणी बमरोलीच्या एका मिलमध्ये ठरली. भाई म्हणाले, तिथले डिझाईन रूमचे मुख्य खानदेशी आहेत, तुमच्यातलेच, तेव्हा बेन, तूच जा. सुरतेत खानदेशातली इतकी माणसं आहेत की ती सगळी एकमेकांना ओळखत नाहीत, हे मला सांगायचं होतं. मी ओके म्हणाले.

त्यांना तिथे सगळे काका म्हणायचे, मीही काकाच म्हणू लागले. साठीच्या आसपासचे, चष्म्याला दोरी, खिशात छोटं भिंग. कॉम्प्युटरवर डिझाईन बघतानाही ते भिंग बाहेर काढायचे आणि मग हसून परत ठेवायचे. मी बसल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, “कोनता गावनी शे तू, पोरी?”

मी सुरतचीच, आईबाबा शिंदखेड्याकडचे, असं मी पुस्तकी मराठीत सांगितलं. अहिराणी मला सगळी कळते. घरी आईबाबा दुसरं काही बोलतच नाहीत. पण इंग्रजी शाळेत गेल्यापासून ती मी नुसती ऐकते. आई विचारते अहिराणीत, मी उत्तर देते मराठीत, मधे गुजराती येते, आणि दोघींनाही त्यात काही वेगळं वाटत नाही. काकांनाही वाटलं नाही. ते अहिराणीत बोलत राहिले, मी मराठीत.

पेटीकडे वळण्याआधी त्यांनी मला जुन्या डिझाईन दाखवल्या. वीस वर्षांच्या होत्या. पहिली होती कोयऱ्यांची बॉर्डर, आठ रंगांची. ती त्यांनी आधी कागदावर हाताने काढली होती आणि मग मिलमध्ये कॉम्प्युटर आल्यावर स्कॅन करून रंग पुन्हा भरले होते. जुन्या बॉर्डर परत चालतात, ते म्हणाले. पाच-सहा वर्षांनी व्यापारी तीच मागतो आणि नवीन म्हणून घेऊन जातो. पण मिलच्या शेठनी सांगून ठेवलं होतं, की दिवाळीच्या मालाच्या फाइली सुरू व्हायच्या आत जागा मोकळी झाली पाहिजे. या पेटीने जागा केली तर ठीक, नाहीतर जुनं सगळं उडवायचं. जुनं कोण नेसतं, असं शेठचं म्हणणं. सुट्या डिस्कवर ठेवून बघितलं होतं, त्यातली एक पडून बंद झाली होती. काकांचा आता कपाटातल्या डिस्कवर भरवसा नव्हता.

हे सांगताना ते कोयऱ्यांकडे बघत नव्हते. त्यावरून त्यांना ते किती लागलं आहे हे मला कळलं.

मग मी माझं पान उघडलं. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पर्यायावर बोट ठेवून विचारलं, हे काय. मी सांगितलं. दुसरा सांगितला. तिसऱ्याला मला जास्त शब्द लागले. सहाव्यापासून मी म्हणू लागले, की हे जसं आहे तसंच राहू द्या. नवव्यालाही तेच म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“मंग माले इचारतस कसाले?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी गोलातलं प्रश्नचिन्ह दाबून दाखवलं. त्यात इंग्रजीत तेच लिहिलं होतं जे मला सांगता येत नव्हतं.

जोराच्या पर्यायापाशी मात्र ते खुलले. एक ते एकोणीस, आणि मोठा आकडा म्हणजे जास्त आवळणं, एवढं कळल्यावर त्यांनी पुढचं ऐकलंच नाही. सुरतेत आल्यावर पहिली काही वर्षं त्यांनी कापडाच्या गासड्या बांधल्या होत्या. हाताने फिरवायची प्रेस, चाक फिरवायचं, गासडी दबत जायची, मग वरून पट्ट्या मारायच्या. चाकाचा एक आटा जास्त फिरवला की ट्रकमध्ये आणखी एक गासडी मावायची. अर्ध्यावर थांबणारा माणूस आळशी, असं तिथे सगळे मानायचे. वेळ जास्त लागेल, असं मी दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा बहुतेक मलाच ऐकू आलं. काकांनी एकोणीस केलं आणि हात झटकले, जसे त्या प्रेसपाशी झटकत असतील.

चौथ्या दिवशी मिलमधून फोन आला, मुलीला पाठवा म्हणून.

रूममध्ये काकांच्या शेजारी एक बाई बसायच्या, मूळच्या कानपूरच्या, हाताने फार वेगवान आणि तोंडानेही. मी दारात दिसताच त्या म्हणाल्या, “आ गईं दीदी. सेव दबाओ, चाय पियो, कप धोके रखो, तब तक फाइल आधी हुई रहती है.” खालच्या चहावाल्याने या रूमला आता वेगळी किटली ठेवली आहे, हेही त्यांनी सांगितलं. नवीन डिझाईन एकोणीसच्या जोराने दाबता दाबता आमची छोटी पेटी घामाघूम झाली होती. कोणी सेव करून उठलं की मागून कोणीतरी म्हणे, काकांची प्रेस चालू आहे. काकाही हसायचे. पण आदल्या दिवशी त्यांनी कंटाळून सगळंच बंद करून टाकलं होतं, चौदाच्या चौदा पर्याय.

आणि जागा तेवढीच होती. शेठची तारीख दहा दिवसांवर आली होती.

मी पेटी तपासली. जुन्या डिझाईन पहिल्या दिवशी घेत होत्या तेवढीच जागा घेत होत्या, कोयऱ्यांची बॉर्डरसुद्धा. कारण अगदी साधं होतं. दाबायचा नियम फक्त त्यानंतर लिहिलेल्या फाइलींना लागतो. जी फाइल आधी तशीच उतरवली आहे, ती कोणी उचलून पुन्हा लिहीपर्यंत तशीच राहते. जुन्या फाइली आम्ही पेटीत आधी टाकल्या होत्या आणि सेटिंग नंतर केली होती. ऑफिसातल्या पाचही जणांना हा नियम पाठ होता, म्हणून तो कोणी कुठे लिहिलाच नव्हता. चौदा पर्यायांमध्ये काकांना हवं होतं ते एक नव्हतं.

मी त्यांना सांगितलं, की चूक तुमची नाही, आमची आहे. काकांनी मान हलवली आणि म्हणाले, “बरं. मंग आते?”

अडले की मी आजूबाजूला बघत राहते, ती माझी जुनी सवय आहे. रूमच्या एका भिंतीला दोरी बांधली होती आणि तिच्यावर चिमट्यांनी छापलेल्या कापडाचे तुकडे लटकवलेले होते. हाताला लगेच येतील असे, सुटे. वर माळ्यावर जुन्या तुकड्यांच्या गुंडाळ्या होत्या, घट्ट बांधलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. मी विचारलं, दोरीवरचे कुठले? काका म्हणाले, रनिंग. म्हणजे सध्या चालू असलेला माल. आणि वरचे? जुनं. एखाद्या डिझाईनचं रनिंग संपलं हे कसं ठरतं, असं विचारल्यावर त्यांना माझी थोडी दया आल्यासारखी वाटली. ते मी ठरवतो, ते म्हणाले.

परत येताना शेअर रिक्षात मला एका बाजूला पिशवी आणि दुसऱ्या बाजूला एका आजींचा कोपर लागत होता. तशा अवस्थेत मी फोनवर टिपून ठेवलं: रनिंग, जुनं, बस.

आता भाईंना सांगायचं होतं. भाई माझ्यापासून चार फुटांवर बसतात. मी त्यांना चॅटवर लिहिलं, की चौदा पर्यायांच्या जागी दोनच ठेवू या. रनिंगच्या फाइली हलक्या दाबायच्या, जुन्या जोराने. आणि एक बटण, जे आधीच्या फाइली उचलून पुन्हा लिहील. बाकी आपण ठरवू. पाठवलं आणि स्क्रीनवरच बघत राहिले. ते वाचत आहेत हे मला त्यांच्या खुर्चीच्या आवाजावरून कळलं.

त्यांनी उत्तर मोठ्याने दिलं. ते म्हणाले, ज्याला यातलं कळतं त्याला आपण लहान मूल समजायचं का? त्यांच्या आधीच्या नोकरीत एका नव्या मशीनवरची सगळी बटणं कंपनीने काढून टाकली होती, सोपं व्हावं म्हणून, आणि एक खास जाडीचं कापड आलं तेव्हा सगळे दिवसभर त्या मशीनभोवती हात बांधून उभे राहिले होते. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं होतं, की आपण कोणाचे हात बांधायचे नाहीत. पर्याय देणं म्हणजे समोरच्याला मान देणं.

हे मला खोटं वाटलं नाही, आणि तीच अडचण होती. खोटं वाटलं असतं तर मी गप्प राहिले असते. मला सारखे काका आठवत होते, नवव्या पर्यायावर बोट ठेवून बसलेले. मी वळले आणि मराठी, हिंदी, गुजराती जे शब्द हाताला आले ते वापरून बोलले. म्हटलं, काकांना मी चौदा गोष्टी विचारल्या आणि त्यातली एकही त्यांच्या कामाची नव्हती. ज्यांची उत्तरं आपल्याला माहीत आहेत ते प्रश्न आपण त्यांना घातले. कुठली डिझाईन जुनी झाली हे फक्त त्यांना माहीत आहे, ते विचारलंच नाही. हा मान नाही, भाई. ही परीक्षा झाली.

मी इतकं सलग बोलते हे ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

भाईंनी थोडा वेळ पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाले, चौदा पर्याय फेकायचे नाहीत, मागच्या पानावर ठेवायचे. पुढच्या पानाच्या तळाला एक छोटी ओळ असू दे, ज्याला हवं तो जाईल. मला ते पटलं. खरं सांगायचं तर त्या एका रेषेतल्या गोलांसाठी मला आनंदही झाला. मग ते म्हणाले, “आणि बेन, पुढच्या वेळी चॅटवर लिहू नकोस. चार फुटांवर आहे मी.”

घरी आईला हे सांगितलं तेव्हा ती साडीला लेस लावत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की तो भाई रागावला का. नाही म्हटल्यावर तिने दात टेकवून दोरा तोडला.

तो आठवडा नवीन पान करण्यात गेला. सगळ्यात जास्त वेळ त्या एका बटणाला लागला. फाइल उचलायची, दाबून शेजारी लिहायची, दोन्ही ठिपकान् ठिपका सारख्या आहेत का ते तपासायचं, आणि मगच जुनी सोडायची. मधेच लाईट गेली तर काय, हे भाईंनी मला सहा वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. मला वाटतं त्यांना मजा येत होती.

तारखेच्या आधीचा रविवार ठरला, कारण त्या दिवशी डिझाईन रूम बंद असते आणि कोणाला सेवची वाट बघावी लागत नाही. सकाळी दहाला मी पोचले. काका माझ्या आधी येऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. कोणते फोल्डर जुने ते त्यांनी वीस मिनिटांत सांगितलं. दोनदाच थांबले. एकदा एका फुलांच्या डिझाईनपाशी, ती रनिंगमध्येच राहू दे म्हणाले, आणि एकदा कोयऱ्यांपाशी. तिचं काय करायचं, मी विचारलं. त्यांनी श्वास घेतला आणि जुन्यात टाकायला सांगितली.

त्यांची खरी भीती मला तेव्हा कळली. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने कोयऱ्यांच्याच फाइलीचा फोनवर पाठवण्यासाठी छोटा फोटो करून घेतला होता आणि छपाईलाही चुकून तोच दिला होता. कापडावर कोयऱ्यांच्या कडा धुरासारख्या झाल्या होत्या. दाबल्यावर रंग उतरतो, असं तेव्हापासून काकांच्या मनात बसलं होतं. पहिल्या दिवशी एकोणीसचा आकडा त्यांनी गासड्यांच्या आठवणीत बिनधास्त लावला होता, पण आज एकेक जुनी डिझाईन नाव घेऊन दाबायची म्हटल्यावर हात चालत नव्हता. मी म्हटलं, तो फोटो होता, त्यात खरंच काही फेकून देतात. इथे काही फेकत नाहीत, नुसती घडी घालतात. त्यांनी मान डोलावली, पण विश्वास बसलेला नव्हता.

म्हणून आम्ही कोयऱ्यांपासूनच सुरुवात केली. बटण त्यांनीच दाबलं. काही क्षणांत झालं. त्यांनी फाइल उघडली, मोठी केली, आणखी मोठी केली, एका कोयरीच्या टोकावर गेले. मग खिशातून भिंग काढलं आणि या वेळी परत ठेवलं नाही. आठ रंग बोटावर मोजले. हिरव्या आणि काळ्याच्या मधली जी एका ठिपक्याची रेघ त्यांनी वीस वर्षांपूर्वी हाताने सोडली होती, ती तिथेच होती. फाइल मात्र होती त्याच्या एका छोट्या कोपऱ्याएवढी झाली होती. सपाट रंगांच्या डिझाईन अशा सुंदर दबतात, हे मला आकड्यांतून माहीत होतं. समोर बघताना मलाही हसू आलं.

“चालू दे आते,” काका म्हणाले.

बाकीचं दुपारपर्यंत चाललं. काकांनी डबा उघडला, कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि विचारलं, “जेवनी का तू?” मी माझा डबा काढला, तर त्यातही कळण्याचीच भाकरी. ते इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. आम्ही जेवलो आणि स्क्रीनवरची मोकळी जागा वाढताना बघत बसलो. तीनच्या सुमाराला निळा दिवा स्थिर झाला. दिवाळीच्या फाइली येऊन वर पुढच्या होळीच्याही येतील, एवढी जागा झाली होती. काकांनी तिथूनच शेठना फोन केला आणि गुजरातीत एकच वाक्य बोलले, जागा झाली आहे, काही काढायचं नाही. पलीकडून शेठ बरं म्हणाले असावेत, कारण फोन लगेच संपला.

मी निघायच्या तयारीत होते. काका पेटीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, जुन्याला आपण किती जोर लावला. नऊ, मी म्हटलं. नऊपर्यंत जागा भराभर वाचते, त्यापुढे वेळ वाढतो आणि वाचत फारसं काही नाही, असं आम्ही आठवडाभर मोजून ठरवलं होतं. हे सगळं मी त्यांना नीट सांगितलं, या वेळी ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“एकोनीसपर्यंत जास आनि नऊवर थांबनी तू,” ते म्हणाले. मग प्रेसच्या चाकावर असावा तसा हात हवेत धरून म्हणाले, “एक आटा फिरव ना आनखी.”

नऊ आणि दहात काही फरक नाही, हे मला माहीत होतं. या पानावर कोणाला आकडाच दिसू नये म्हणून मी भाईंशी वाद घातला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते अगदी गंभीर होते, इस्त्रीचा शर्ट, हातात भिंग, आणि माळ्यावर त्यांनी स्वतः बांधलेल्या गुंडाळ्या.

मी पुन्हा बसले, तळाची ती छोटी ओळ दाबली, मागच्या पानावर गेले आणि माऊस त्यांच्या हातात दिला.

“एकज, काका,” मी म्हणाले.

त्यांनी नवाचे दहा केले आणि हात झटकले. मी त्यांना अहिराणीत उत्तर दिलं, हे त्यांच्या लक्षात आलं असेल, तरी ते काही बोलले नाहीत.